टेपेतलं दार

"हे लोक अजून वाद्यंच लावतायत, की गाणं सुरू झालंय?"

प्रश्न आर्याचा नव्हता. मागच्या रांगेत शेजारी बसलेल्या फेमके आणि सानिका या मैत्रिणींनी तो पैज लावून तिच्या गळ्यात मारला होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आर्याला कुठल्याच पैजेला नाही म्हणता येईना. पूर्वी वर्गात हात वर करायला घाबरणारी ही पोरगी आता चार माणसं दिसली की घसा साफ करायची.

डीमन या डच गावातल्या वाचनालयातली ती लहानशी खोली. महिन्यातून एका शनिवारी लेनार्ट नावाचे स्वीडिश आजोबा तिथे जुन्या टेपा ऐकवत. पन्नास वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या गावोगावच्या हॉलमध्ये लांब केसांच्या पोरांनी वाजवलेलं, घोटत घोटत चढत जाणारं रॉक. लेनार्ट तेव्हा ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्यांच्यामागून फिरायचे. ऐकायला येणारी सगळी पांढऱ्या केसांची, आणि त्यांच्यात एकच काळं डोकं, आर्याच्या बाबाचं.

अभिराम, म्हणजे बाबा, आईच्या नोकरीमागून इथे आलेला. तीन वर्षं तो न चुकता या बैठकीला यायचा, मागे बसायचा आणि डच कच्चं म्हणून एक अक्षर बोलायचा नाही. "तू एकदा ऐक तरी," असं त्यानं आर्याला इतक्यांदा म्हटलं होतं, की शेवटी ती आली. मैत्रिणींना घेऊन, मजा बघायला.

टेप वाजत होती तेव्हा ती मांडीवरच्या फोनमध्ये होती. गिटार टुंग टुंग करतंय, व्हायोलिन कुरकुरतंय, एवढंच कानावर पडलं. लेनार्टनी टेप थांबवून "काही विचारायचंय?" म्हटलं, आणि आर्या उठली.

प्रश्नावर सानिकानं तोंडात ओढणी कोंबली. बाबाची मान कॉलरमध्ये गेली. लेनार्टनी चष्मा काढून पुसला.

"वाद्यंच लावतायत," ते म्हणाले. "रेकॉर्ड कंपनीनं ही मैफल बाजारात आणली तेव्हा हा भाग कापून टाकला. मी इथे मुद्दाम अधूनमधून लावतो. आजवर कुणीच विचारलं नाही, सगळे याला संगीत समजून माना डोलावतात."

खोलीत हशा पिकला, पण तो आर्यावर नव्हता.

"ड्रम वाजवायचा माझा भाऊ. त्या संध्याकाळी सगळ्यांशी भांडून तो मंचावरून निघून गेला. तो येईल या आशेवर बाकीचे वाद्यं लावत बसले. लोकांना कळू दिलं नाही. त्याला कुणी हाकही मारली नाही, नुसती जागा धरून ठेवली. आणि शेवटी मागचं दार वाजतं, तो परत येतो." त्यांनी आर्याकडे पाहिलं. "ते दार ऐकलंस ना तू?"

"हो," आर्या म्हणाली.

जीभ कशी वळली तिचं तिलाच कळलं नाही. लेनार्ट इतक्या मायेनं हसले, की तिला खाली बसवेना. "असा कान मला इथे टेपा लावायला मदतीला हवाय," ते म्हणाले. मग बाबाला म्हणाले, "मुलगी तुमची? मग तुम्ही मागे काय बसता? पुढच्या वेळी पहिल्या रांगेत."

बाबा चक्क डचमध्ये बोलला. मोडकंतोडकं, पण बोलला.

ट्राममध्ये फेमकेचा मेसेज आला, तू ग्रेट आहेस. आर्यानं फोन पालथा घातला. शेजारी बाबा गुणगुणत होता. एरवी ती म्हणाली असती, बाबा, लोक बघतायत.

घरी पाऊल टाकताच त्यानं सुरू केलं. "शामला, पोरीनं कान तुझा घेतलाय. तुझा तानपुरा लागताना ऐकून ऐकून बरं का. सगळी खोली गप्प, आणि ही एकटी उठली."

"आमची आर्या?" आईनं पोळी उलटली. "हिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही."

"तू हस." त्यानं लेनार्टकडून घेतलेली टेपेची प्रत फोनवर लावली, एक इअरफोन आर्याच्या कानात घातला, दुसरा स्वतःच्या. "मला मेल्याला ते दार काही सापडत नाही. कुठे गं?"

आर्या ऐकू लागली. या वेळी खरंच. गिटारची तार चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. कुणीतरी खोकलं. दार कुठेच नव्हतं, की होतं आणि तिला कळत नव्हतं, कोण जाणे. बाबा डोळे मिटून तिच्या इशाऱ्याची वाट बघत होता.

तिनं बोट वर केलं. असंच, कुठेतरी.

"हां हां," बाबा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "आलं की ऐकू. काय सुंदर लागलंय गं."

हजार माणसांपुढे बोलायची खुमखुमी असलेल्या आर्याला या एका माणसापुढे मान वर करवेना. तिनं इअरफोन काढून ओट्यावर ठेवला. घरात ती डचमध्येच उत्तरं द्यायची, पण हे मराठीतच सांगायला हवं होतं.

"बाबा, मी दार ऐकलेलं नाही. तिथेही नाही, आत्ताही नाही. प्रश्न फेमके आणि सानिकाचा होता, तुमची सगळ्यांची टिंगल करायला विचारला."

आईनं गॅस बंद केला. बाबाच्या कानात अजून तार चढत होती.

"टेपा लावायला मी जाणार नाहीये," आर्या म्हणाली. "पण पुढच्या बैठकीला येणार आहे, आणि सगळ्यांसमोर उभी राहून लेनार्टना हे सांगणार आहे. तू तरीही पहिल्या रांगेत बस, बाबा."