ओरासियोंचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना ठसा-वाचक आहे. शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा, काळ्या काचेचा. कॅनडातल्या मिसिसॉगा शहरातल्या एका निळ्या गाडीत, स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला मला बसवलेलं आहे. हातात किल्ली असली तरी ओळखीचं बोट माझ्यावर टेकल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही. ओळखीचं बोट आलं की माझा दिवा हिरवा होतो, परकं आलं की लाल. एवढीच माझी विद्या, पण तिचा मला एके काळी फार गर्व होता.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ओरासियो मेदेइरोस यांच्या घरापुढे. त्यांनी चाळीस वर्षं सिमेंटचं काम केलं होतं. बायको गेल्यावर ते आणि त्यांची मुलगी लिद्या, दोघंच त्या घरात राहत. मी येण्याच्या महिनाभर आधी, भरदुपारी, दोन माणसांनी त्यांचं दार फोडलं होतं. त्यांना घरातलं काही नको होतं, फक्त गाडीची किल्ली हवी होती. लिद्या एकटीच स्वयंपाकघरात खारवलेला मासा भिजत घालत होती. तिच्याकडून त्यांनी किल्ली घेतली आणि ती जुनी गाडी कंटेनरमधून समुद्रापार गेली. गाडीचं दुःख कुणालाच झालं नाही. पण लिद्या त्यानंतर दाराची घंटा वाजली तरी दचकायची.

आमच्या गल्लीत तेव्हा रीतच पडली होती. किल्ली दाराजवळच्या वाडग्यात ठेवायची, म्हणजे चोर निदान जिना चढून वर येत नाही. ओरासियोंना ते पटेना. "चोराला काय पायघड्या घालायच्या?" म्हणून त्यांनी नव्या गाडीत मला बसवून घेतलं.

मला बसवायला आलेला कारागीर घामाघूम झाला. "काका, सिमेंटनं तुमच्या रेषाच खाऊन टाकल्यात की! डावा अंगठा देता का?"

"डाव्या हातानं मी नाकसुद्धा शिंकरत नाही. हाच घे."

अठराव्या खेपेला मी तो अंगठा शिकलो. मधोमध एक आडवा व्रण आणि कडेला जेमतेम चार रेषा. लिद्याचा अंगठा मला एका दमात पाठ झाला, पण जीव जडला तो या खरबरीत अंगठ्यावर. मग ओरासियोंनी किल्ली बाहेरच्या दाराशी खिळ्याला टांगली आणि वर चिठ्ठी लावली: 'किल्ली घ्या. अंगठा मिळणार नाही.' लिद्याला म्हणाले, "पोरी, आता किल्लीसाठी या घरात तुला कुणी हात लावणार नाही. मी आहे."

दुसऱ्याच हिवाळ्यात, दोघं पायी चर्चला गेली असताना चोर आले. किल्ली घेऊन गाडीत बसले. मी लाल झालो, वर बोंबही ठोकली. किल्ली बर्फात टाकून ते पळाले. शेजारच्या डेल्रॉयनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "अरे ओरासियो, एकानं हातमोजे काढून दहाही बोटं लावली! पायाची तेवढी राहिली बघ!" गल्लीभर माझं नाव झालं. आणखी सहा घरांत माझे भाऊबंद आले. मी फुशारून गेलो.

अशी सात वर्षं सुखात गेली. मग ओरासियो विसरायला लागले. पाव आणायला निघाले की तासन् तास गाडीतच फिरत राहायचे. एकदा शाळेच्या बसची, इतर गाड्यांना थांबवणारी लाल पाटी उघडी असताना ते तसेच पुढे गेले. बसमधून उतरणाऱ्या एका मुलीला तिच्या आईनं दंड धरून मागे ओढलं, म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी सरकारला कळवलं आणि त्यांचं लायसन्स गेलं. पण लायसन्स गेलं हेही त्यांच्या लक्षात राहीना. लिद्यानं किल्ली लपवली, तर त्यांनी सगळे खण उलथेपालथे केले, कपाटं ओढून पाडली. किल्लीसाठी पुन्हा तेच घर विस्कटलेलं पाहून ती पुन्हा दाराच्या घंटेला दचकायला लागली.

त्या संध्याकाळी ती गाडीत येऊन बसली. फोनवर माझी ओळखीच्या बोटांची यादी उघडली आणि पापांचा अंगठा पुसून टाकला. "मला माफ करा, पापा," असं ती मला म्हणाली. पापा आत टीव्ही बघत होते. किल्ली तिनं पुन्हा खिळ्याला टांगली.

मित्रांनो, यादीतून नाव गेलं म्हणून काय ओळख जाते? पण माझा दिवा यादीचं ऐकतो, माझं ऐकत नाही.

रोज न्याहारी झाली की ओरासियो टोपी घालून गाडीत येत. अंगठा टेकवत. मी लाल होई. ते अंगठा पँटला पुसत, त्यावर फुंकर घालत, पुन्हा टेकवत. पुन्हा लाल. "थंडीनं गारठलंय बिचारं," असं म्हणून ते मलाच चोळून ऊब देत. दर खेपेला लिद्याच्या फोनवर घंटा वाजे: परकं बोट, प्रवेश नाकारला. ती खिडकीच्या पडद्यामागे उभी राही. खाली येऊन त्यांना खरं सांगण्याची हिंमत तिच्यात नव्हती.

एकदा टेबलावर राहिलेला तो फोन ओरासियोंनी पाहिला. तो हातात घेऊन ते धावतच बाहेर आले. "डेल्रॉय! या महिन्यात एकतीस वेळा चोर आला! यानं एकालाही गाडी नेऊ दिली नाही!"

डेल्रॉयनं लिद्याकडे पाहिलं. ती मागोमाग आली होती.

ओरासियो गाडीत बसले, "शाब्बास रे माझ्या वाघा," म्हणाले आणि मायेनं त्यांनी अंगठा माझ्यावर ठेवला.

मी लाल झालो. त्यांच्याच हातातल्या फोनवर घंटा वाजली.

"आला! परत आला!" ते चटकन उतरले आणि मुठी वळून लिद्यापुढे आडवे उभे राहिले. "पोरी, तू आत जा. घाबरू नकोस. मी आहे."

मित्रांनो, घराला कुलूप लावा, गाडीला पहारा ठेवा. पण आपल्या माणसाला थांबवायची वेळ आली, तर ते काम यंत्रावर सोपवू नका. शेजारी बसा, हात हातात घ्या आणि स्वतः सांगा. ऐकून ते रडतील, उद्या विसरतील, मग उद्या पुन्हा सांगा. मला बोलता आलं असतं, तर पहिल्याच दिवशी मी सांगितलं असतं.