झोपलेली गुलबक्षी

"ओ भाऊ, ठेवा ती बादली खाली!" कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या जमीलाभाभी ओरडल्या.

मी गुलबक्षीच्या बुडाशी पाणी ओतत होतो. मे महिना होता. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, तरी पिण्याच्या पाण्यातलं मी रोज तिला घालत होतो. माझी बायको रत्नम्मा जानेवारीत गेली. तिच्या हातचं झाड तरी राहावं, एवढंच मनात होतं. पण दांडे पिवळे पडून आडवे झाले होते.

"वाळून चाललंय की," मी म्हणालो.

"वाळणारच! उन्हाळ्यात रत्नम्मा पाणी घालायच्या व्हय कधी? एवढी वर्षं संसार केला, आन् एवढं बघितलं न्हाय?"

नव्हतं बघितलं. मी सकाळी एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर जायचो. रत्नम्मा दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री. तेंदूचं पान न बघता कापायची, पण प्रत्येक पान सारखं. घड्याळाकडे मान वर करायची नाही. संध्याकाळी गुलबक्षी उमलायला लागली की सूप बाजूला सारून उठायची आणि भात टाकायची. मी यायचो तेव्हा अंगणभर वास असायचा. मी जेवायचो आणि झोपायचो. आमचं अंगण म्हणजे नुसता मुरूम. गल्लीत कुणाचे गुलाब टिकले नाहीत. हिची गुलबक्षी मात्र दरवर्षी मुळातून वर यायची. ती आपोआप येते असं मला वाटायचं.

"पानं भिजवल्यालं पाणी तेवढं घालायच्या," जमीलाभाभी आमच्या अंगणात येत म्हणाल्या. "ऊन लागलं की तेबी बंद. दांडे कापायच्या, वर विडीच्या पानांच्या कातरणाचा थर टाकायच्या. मी म्हटलं, मरंल की ओ ते. तर म्हणाल्या, झोपलंय ते. आमचे हे रविवारी घोरतात, तवा मी तोंडात पाणी ओतते का?"

मला हसू आलं. जानेवारीपासून पहिल्यांदा. लगेच थांबलंही.

"मग आता?"

"उकरा. बघू काय उरलंय."

मी खुरप्याने उकरलं. माती चिखल झाली होती. कंद मनगटाएवढा जाड निघाला. एका बाजूला बोट लावलं तर आत गेलं. कुजका वास आला. मी तसाच बसून राहिलो.

"बसू नका हो, भाऊ. सुरी आणा."

मऊ भाग कापत गेलो. निम्म्याच्या पुढे कंद पांढरा, कडक लागला. जमीलाभाभींनी त्यांच्या बंबातली राख आणून कापल्या जागी चोळली. कंद दिवसभर सावलीत ठेवला. ऊन उतरल्यावर भिंतीलगतच्या कोरड्या मातीत पुरला.

"आता कातरण टाका वर."

कातरण कुठून आणणार? तेरावं झाल्यावर मीच अंगण झाडून सगळं घंटागाडीत टाकलं होतं. कचरा समजून. विडी कारखान्याची तंबाखू परत गेली होती. घरात राहिलं होतं ते कपाटावरचं सूप. त्यात शेवटच्या दिवशी तिने कापून ठेवलेली पानं, वळायची राहिलेली. मी ती कुणाला हलवू दिली नव्हती.

मी सूप घेऊन आलो. जमीलाभाभींनी हात आडवा धरला.

"ती राहू द्या, भाऊ. माज्याकडं पोतं हाय, ते टाकू."

"नको," मी म्हणालो. "तिला हेच लागतं."

पानं वाळून कडक झाली होती, तरी सगळी एका मापाची. मी एकावर एक मांडत गेलो, कौलं घालतात तशी. सूप रिकामं झालं.

तेवढ्यात नळ आला. घागरी भरल्या, बादली भरली. सवयीने ती उचलून अंगणात आलो. पानांच्या त्या थरापाशी थोडा वेळ उभा राहिलो.

मग भरलेली बादली तशीच घरात नेऊन ठेवली.