अजिंक्य चायनीजची तक्रार वही

“दादा शेवटी काय बोलला?”

हा प्रश्न कुलदीपने वॉर्डातल्या नर्सला विचारला. तिची पाळी तर नुकतीच सुरू झाली होती. वहिनींना विचारला, पण त्या नेमक्या तेव्हा औषध आणायला खाली गेल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा म्हणाले, “बोलला कायतरी पोरा, पन मला कमी ऐकू येतं.” पुढे कितीतरी दिवस कुलदीप माझी पानं उलटत बसायचा. माझ्या पोटात शेकडो माणसांचं बोलणं आहे. ते एक वाक्य तेवढं नाही.

मी एक वही. दोनशे पानी, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. नेरूळच्या एका सेक्टरमध्ये ‘अजिंक्य चायनीज’ नावाचं एका गाळ्याचं दुकान होतं. त्याच्या काउंटरवर मी पाच वर्षं बोलत आले.

दुकान शहाजीचं. कोरेगाव तालुक्यातून आलेला हा गडी वाशीत एका नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली चायनीज शिकला आणि चौऱ्याण्णव साली त्याने स्वतःचा गाळा भाड्याने घेतला. साताऱ्याच्या किल्ल्याचं नाव चायनीजला दिल्यावर पेंटर हसला होता. त्यानेही पाटीवर असा ड्रॅगन काढला, की लहान मुलं त्याला घोरपड म्हणायची. चार प्लॅस्टिकची स्टुलं, त्यातलं एक डुगडुगणारं, आणि बारा रुपयांची हाफ प्लेट. एवढाच पसारा.

“गिऱ्हाईक काय म्हनतंय ते कळाय पायजे,” शहाजी धाकट्या भावाला म्हणाला. “एक वही आन, वर चांगलंसं नाव घाल.”

कुलदीप तेव्हा अठरा वर्षांचा. शाळा सहावीत सुटलेली. वह्यांच्या दुकानातून मला घेऊन येताना त्याला कोरेगावच्या एसटी स्टँडवरची पाटी आठवली, तक्रार पुस्तक मागताच मिळेल अशी. इज्जतदार ठिकाणी अशा वहीला हेच म्हणत असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि ठळक अक्षरांत माझ्यावर लिहिलं, ‘तक्रार वही’.

शहाजीने कपाळाला हात लावला. “आरं, लोकांस्नी खायला घालायचं का तक्रारी मागायच्या?”

“मग काय लिवू?”

शहाजीलाही दुसरा शब्द आठवेना. माझं नाव तेच राहिलं.

पहिलं पान उघडलं समोरच्या इमारतीतल्या नंदिनीबाईंनी. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी नाव वाचलं, चष्मा वर केला आणि लिहिलं: “तक्रार क्रमांक एक. येथील मंचाव सूप इतके गरम असते, की आमचे घरचे दहा मिनिटे गप्प बसतात. अशी शांतता रोज मिळत नाही, ही गैरसोय.”

मग ती रीतच पडली. कुणाला कौतुक करायचं झालं तर तक्रार करायची. एकाने लिहिलं, “वास तिसऱ्या मजल्यापर्यंतच येतो. चौथ्या मजल्यावर अन्याय.” एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं, “हाफ मागितली की फुल देतात. डाएटचे वाटोळे.” कोंबड्यांचं दुकान चालवणारे इसाकभाई उरणच्या बाजूचे. शहाजीला चिकन तेच पुरवायचे. एकदा चिली चिकनचं पार्सल घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन लिहिलं, “बायको शमसुन्निसा विचारते, माझ्या हातच्या कोंबडीत काय कमी हाय. घरात भांडन लावलंत.”

पार्सलची पिशवी गळते, लाल रंग शर्टाला लागला की निघत नाही, हेही लोक लिहायचे. पण लिहून झाल्यावर पुन्हा तिथेच उभे असायचे.

मी माणसांना ओळखायला शिकले ती दुपारी. दोन वाजता शहाजी भात उतरवायचा, निथळायचा आणि स्वच्छ पांढऱ्या कापडावर पसरून पंख्याखाली ठेवायचा. भात निवेपर्यंत कुलदीप मला मांडीवर घेऊन अक्षर लावत वाचायचा आणि शहाजी डोळे मिटून ऐकायचा. एकदा एका बाईंनी गंभीरपणे लिहिलं होतं, “व्हेज आणि नॉनव्हेज एकाच कढईत करता. बरं दिसत नाही.” कुलदीप चिडला. शहाजी उठला, वाशीला गेला आणि दुसरी कढई घेऊनच आला. म्हणाला, “तोंडावर बोलतंय ते गिऱ्हाईक आपलं. गप जातंय ते गेलं.”

शहाण्णवच्या फेब्रुवारीत भाजी घेऊन सायकलवरून येताना शहाजीला टेम्पोची धडक बसली. दोन दिवस तो दवाखान्यात होता. “दुकान बंद ठिवू नगं,” असं त्याने सांगितलं म्हणून कुलदीप दुकानात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तो कापडावर भात पसरत असताना शेजारच्या पीसीओवर फोन आला. त्या दिवशीचा भात तसाच पसरलेला राहिला.

चौदाव्या दिवशी कुलदीपने शटर वर केलं. वीस वर्षांचं पोर. मागे सुनयनावहिनी आणि तीन वर्षांची तेजश्री. वहिनींचे भाऊ गावाहून येऊन बजावून गेले होते, की महिना-दोन महिने बघू, नाहीतर ताईला आणि पोरीला घेऊन जाऊ. दुकान चाललं तर दादाचं घर इथे राहणार होतं. नाही चाललं तर त्या खोलीत कुलदीप एकटा उरणार होता, भिंतीवरच्या फोटोबरोबर.

लोक आले. सगळे आले. आणि सगळ्यांनी लिहिलं. ‘छान.’ ‘उत्तम.’ ‘पूर्वीसारखेच.’ तक्रार हा शब्द कुणी वापरेना, थट्टाही करेना. ‘छान’ हा शब्द कुलदीपला अक्षर न लावता वाचता यायचा. तो पान उघडायचा, तेवढा शब्द बघायचा आणि पुन्हा कढईपाशी जायचा.

मी काउंटरवर पडलेली असायचे, तिथून रस्त्यापलीकडची कचराकुंडी दिसायची. तिथे आमची पार्सलं पडलेली मला दिसायची, गाठ न सोडलेली. मी वही. माझ्यात कुणी लिहिलं तरच मी बोलणार. आणि ते कुणी लिहीत नव्हतं. हळूहळू गर्दी पातळ झाली. जे येत होते ते घाईघाईने, नजर चुकवत, देवळात दक्षिणा टाकावी तसे येऊन पार्सल घेऊन जात होते.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी गंगाराम आला. हा कांदा-बटाटा मार्केटातला माथाडी, पाटणकडचा. दोन वर्षं रोज यायचा, त्याच डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. प्लेट संपवून त्याने हात धुतले आणि पार्सलसाठी थांबलेल्या नंदिनीबाईंना म्हणाला, “बाई, माजी येक तक्रार लिवा.”

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी कुणी तो शब्द काढला होता. “बोला.”

“भात गिच्च. दोन म्हैनं झालं. शहाजीच्या माघारी ह्यो पोरगा आमाला लापशी घालतोय.”

बाईंचं पेन थांबलं. “हे लिहू?”

“तक्रार वही हाय का न्हाय ही?”

बाईंनी लिहिलं. कुलदीपने झारा खाली ठेवला. “वाचा, बाई,” म्हणाला. बाईंनी वाचलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा झाला, की मला मिटून घ्यावंसं वाटलं. त्याने एका झटक्यात ते पान टरकावलं, चुरगाळून गंगारामच्या अंगावर फेकलं.

“दादा गेला म्हून तोंड सुटलं व्हय तुमचं? उद्यापासनं येऊ नगा.”

गंगाराम जागचा हलला नाही. “मी न्हाई आलो तर सांगनार कोन तुला? बाकीची ‘छान’ लिवत्यात आन् तिकडं पार्सल टाकत्यात. मी खाल्लंय रं. दोन म्हैनं, सगळं खाल्लंय. म्हून बोलतोय.”

एवढं बोलून तो गेला.

कुलदीप बाईंकडे वळला. “बाई, तुमी पन टाकलं?”

बाईंनी चष्मा काढला. “दोनदा,” म्हणाल्या. “मी सांगायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकान झाडायला आल्या तेव्हा त्यांना कोपऱ्यात तो बोळा सापडला. त्यांनी तो मांडीवर सरळ केला, वाचला. मग मला उघडलं, फाटल्याची जागा शोधली. पातेल्यात आदल्या दिवशीचा भात उरला होता. त्यातली चार शितं त्यांनी घेतली, अंगठ्याने चोळली आणि पान जिथल्या तिथे डकवलं.

कुलदीप आला, बघतच राहिला. “वहिनी, कशाला लावलंसा ते?” असं म्हणत त्याने ते ओढून काढायला घेतलं. पानाचा कोपरा हातात आला. चिकटवलेली कड काही सुटेना.

“ओढा, आणखी ओढा,” वहिनी म्हणाल्या. “खळ शिजवायची पन गरज पडली न्हाई, भावजी. तुमच्या दादांच्या भाताचं एक शीत दुसऱ्याला शिवायचं न्हाई. तुमच्या भातानं पोस्टाची पाकिटं डकवावीत.”

शहाजी गेल्यापासून वहिनी काही हसून बोलल्या नव्हत्या. कुलदीपला आधी हसू आलं. मग तो तिथेच पातेल्याशेजारी खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडला. दवाखान्यात तो रडला नव्हता, दहाव्याला रडला नव्हता. वहिनी शेजारी टेकल्या. त्याचं होईपर्यंत थांबल्या.

“भात दोन वाजता का करत न्हाई?” मग त्यांनी विचारलं. “पाच वाजता शिजवून गरमच कढईत टाकतासा. गिच्च हुईल न्हाई तर काय.”

“दोन वाजता मला ते कापड पसरवत न्हाई.”

वहिनी उठल्या. माळ्यावरच्या डब्यातून पांढरं कापड काढून झटकलं. “दोन टोकं मी धरते. दोन तुमी धरा.”

त्या दुपारी दोन वाजता दोघांनी ते कापड धरून पसरलं. तेजश्री मध्ये येऊ नये म्हणून तिच्या हातात मला दिलं होतं. माझ्या शेवटच्या काही पानांवर रेघोट्या आहेत, त्या तेव्हाच्या.

तीन दिवस झाले तरी गंगाराम आला नाही. चौथ्या दिवशी कुलदीपच्या मनात आलं आणि त्याने मागचापुढचा विचार न करता कढई उतरवली, एक पार्सल बांधलं, मला काखेत मारलं आणि तडक मार्केट गाठलं. कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्यांमध्ये गंगाराम डोक्याची टोपी काढून घाम पुसत उभा होता.

“बसा,” कुलदीप म्हणाला. “खावा.”

गंगारामने उभ्याउभ्याच गाठ सोडली. दोन घास खाल्ले. मग गोणीवर टेकला. आजूबाजूचे चार गडी येऊन बघायला लागले, तसं त्याने पार्सल त्यांच्यापासून दूर धरलं. सगळं संपवून, बोटं चाटून म्हणाला, “चटनी कमी पडली.”

“लिवू?”

“लिव की. तुला येतंय न्हवं?”

ते कुलदीपचं माझ्यातलं पहिलं लिखाण. कांद्याच्या गोणीवर मला ठेवून, एकेक अक्षर उच्चारत लिहिलेलं: “चटनी कमी.” बाईंनी त्यातला ‘न’ पुढे कधीच दुरुस्त केला नाही.

त्यानंतर तक्रारी परत सुरू झाल्या. इसाकभाईंनी लिहिलं, “शमसुन्निसा आता स्वतःच पार्सल मागवते. माझी अडचन वाढली.” कुणी लिहिलं कोबी जाड चिरलाय, कुणी लिहिलं मीठ हात राखून टाका. कुलदीप सगळं वाचायचा आणि त्यातलं खरं कुठलं, थट्टेचं कुठलं ते ओळखायला शिकला. वहिनींचे भाऊ आले, एक प्लेट राईस खाल्ला आणि बहिणीला न्यायचा विषय न काढता गाडीला बसले. तेजश्री इथल्याच बालवाडीत गेली, मग इथल्याच शाळेत.

अजिंक्यसारखं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि पाहण्याचा प्रश्नही आला नाही. पण बारा रुपयांत माणसं पोट भरून, हसून आणि आपलं मत ऐकून घेतलं गेलं या समाधानात घरी जायची. एवढं मी शपथेवर सांगू शकते.

गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी नवा. यंदा, नव्याण्णव साली, मालकाच्या मुलाला तिथे औषधांचं दुकान काढायचं आहे. भांडण नाही, तंटा नाही. कुलदीपला वाशीतल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम मिळालं आहे. वहिनी आणि तेजश्री त्याच खोलीत राहणार आहेत. सगळं ठीक आहे. फक्त रविवारी दुपारी शेवटची गिऱ्हाइकं आली तेव्हा सगळ्यांचा एकच सूर होता. “आता आम्ही काय खायचं?” नंदिनीबाई म्हणाल्या, “ही खरी तक्रार आहे, कुलदीप. यावर काय ते बोल.”

कुलदीपने मला ओढलं, शेवटचं कोरं पान काढलं आणि लिहायला बसला. बाकीचे भोवती उभे. एका पानाला अर्धा तास लागला.

“तांदूळ जुना घ्या. शीत बोटानं मोडलं की उतरवा. पानी काढून टाका. कापडावर पसरा. दोन तास. गरम परतू नका. मी दोन महिने तीच चुक केली. जाळ मोठा ठेवा. आधी लसुन. कोबी शेवटी. तीन वेळा उलटा, बास. करून शेजारच्याला द्या आनि खरं सांग म्हना.”

चुका दुरुस्त करायला बाईंचा हात सवयीने पुढे आला होता. त्यांनी तो मागे घेतला.

आता मी बंद शटरच्या बाहेर आहे. ज्यांना रविवारी येता आलं नाही, त्यांच्यासाठी कुलदीपने मला शेवटच्या पानावर उघडून कड्याला बांधलं, वरून एक प्लॅस्टिकची पिशवी चढवली. तुम्ही इकडून जात असाल तर थांबा आणि उतरून घ्या. घाई करू नका, त्याचं अक्षर लागायला वेळ लागतो.

जाताना त्याने खिशातून एक पेन्सिल काढली, सुरीने तिला टोक केलं आणि दोऱ्याने माझ्याशेजारी बांधून ठेवली.