सातवी भाकरी

मुक्ताबाईचा राग जात्याच्या आवाजावर नव्हता. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत राहायचं आणि आवाजांना वैतागायचं, हे जमण्यासारखंच नाही. गाड्या जातात, इंजिनं शंटिंग करतात, नळावर बायका भांडतात. तिचा राग होता स्वतःच्या पोरीवर. पहाटे पाचला शेजारच्या धोंडाबाईचं जातं घरघरायला लागलं, की सहा वर्षांची सुवार्ता डोळे चोळत उठायची, पलीकडच्या खोलीत जायची आणि जात्याच्या खुंट्याला हात लावून बसायची. आईनं चारदा हाका मारल्या तरी कूस न बदलणारी पोर, दगडाच्या घरघरीला मात्र टुणकन उठायची!

धोंडाबाई मळवलीची. नवरा गेल्यावर दिराच्या हाती भातशेती सोपवून गँगमन असलेल्या मुलापाशी, महिपतीपाशी, येऊन राहिलेली. महिपतीचं अजून लग्न व्हायचं होतं, म्हणून घरात सून नाही, नातवंड नाही. बाजारात गिरणी असताना म्हातारी घरचे तांदूळ आणि नाचणी जात्यावरच दळायची. मूठभर दाणे टाकायचे आणि एकाच्या नावानं ओवी म्हणायची. पुढची मूठ, पुढचं नाव. देवाकडे मागण्याची तिची ही रीत.

आणि मुक्ताची रीत? मुक्ता वाढली नगरच्या मिशन बोर्डिंगात. पाचची घंटा, गार पाण्यानं तोंड, गुडघे टेकून स्तोत्र, शास्त्राचा म्हणजे बायबलचा एक अध्याय, मग प्रार्थना. चांगला अर्धा तास. प्रार्थना म्हणजे तीच, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. पण बोर्डिंगात तिला तीन वर्षांची जुळी पोरं नव्हती, सहाला बंद होणारा नळ नव्हता आणि घाटातल्या इंजिनावर जाणारा नवराही नव्हता. शास्त्र फळीवर राहिलं आणि प्रार्थना रविवारवर गेली. मनाला डाचायचं, नाही असं नाही. पण डाचलं तरी भाकऱ्या थापाव्याच लागत.

मग तो रविवार उजाडला. चर्चच्या शब्बाथ शाळेत पाळकबाईंनी मुलांना विचारलं, "सकाळी तुमच्याबरोबर प्रार्थना कोण करतं?"

कुणी म्हणालं आई, कुणी म्हणालं आजोबा. आमच्या सुवार्ताबाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "धोंडाआजी!"

"कोण गं ही धोंडाआजी?"

"शेजारची. ती जात्यावर देवाला सगळ्यांची नावं सांगते. मी पण सांगते."

मागच्या बाकांवर बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पाळकबाई समजूतदार, त्या नुसत्या हसल्या. पण मुक्ताला ते हसूच झोंबलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

घरी आल्यावर बांध फुटला. "पोर मी जन्माला घातली, बारशी-आजारपणं मी काढली, आणि हात जोडते ती दुसरीच्या उंबऱ्यात! काय दिलंय हो त्या म्हातारीनं तिला, गूळ की खोबरं?"

शांतवन म्हणजे तिचा नवरा, शांत माणूस. तो बूट सोडत म्हणाला, "देवाचंच नाव घेतेय ना? शिव्या तर शिकत नाही."

"कुठल्या देवाचं, ते विचारा की!" आणि सुवार्ताला तिनं जवळ ओढून बजावलं, "हे बघ, तिचा देव वेगळा, आपला वेगळा. आपलं काही तिकडं सांगायचं नाही. कळलं?"

पोरीनं मान हलवली. आणि त्याच रात्री मुक्तानं ठरवलं, उद्यापासून या घरात उपासना सुरू.

झाली की सुरू! साडेचारला तिनं उलथन्यानं थाळी बडवली. शांतवन दचकून उठला, त्याला वाटलं गाडीच रुळावरून घसरली. सगळ्यांना चटईवर गुडघ्यांवर बसवलं. स्तोत्र म्हणताना जुळ्यांपैकी योना रडायला लागला, म्हणून दाविदही रडला. अध्याय निम्मा झाला नाही तोच दूध उतू गेलं. प्रार्थनेत मुक्ता "हे स्वर्गीय पित्या" म्हणाली आणि त्याच दमात "अरे दाविद, बोट काढ तोंडातलं!" सुवार्ता गुडघ्यांवरच पेंगत होती. पाच वाजले, भिंतीपलीकडं जातं घरघरलं, आणि पेंगणाऱ्या पोरीचे डोळे टक्क उघडले. भिंतीकडे लागले.

ते डोळे बघून मुक्ताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मत्सर हो, दुसरं काय! एका अडाणी म्हातारीचा मत्सर, जिच्या घरी शास्त्र नाही, घंटा नाही, काही नाही.

हा प्रकार चार दिवस चालला. पाचव्या दिवशी शांतवन म्हणाला, "मुक्ते, मला घाट उतरायचाय. झोप पुरी होऊ दे गं." तिथं उपासना संपली. सहाव्या दिवशी मुक्ता चुलीपाशी उठली तर सुवार्ताचं अंथरूण रिकामं.

आता मात्र तिनं पदर खोचला. आज म्हातारीला चार शब्द सुनवायचेच, पोरीला बखोटीला धरून आणायचं. ती पलीकडच्या दाराशी गेली. दार अर्धं उघडं. आत चिमणीच्या उजेडात दोघी समोरासमोर बसलेल्या, म्हातारीचा सुरकुतलेला हात खुंट्याला आणि त्याच्या खाली पोरीचा इवलासा हात.

"आता कुनाची?" धोंडाबाईनं विचारलं.

"बाबांची."

म्हातारीनं मूठभर तांदूळ टाकले आणि सूर धरला.

"गाडी उतरते घाट, गं शांतवन गाडीवरी,
देवा, त्याच्या संगं चाल, दिवेलागणी आण घरी."

मुक्ताचं पाऊल उंबऱ्यावरच थबकलं. नऊ वर्षं ती शांतवनला डबा बांधून देत होती. घाटात कधी गाडी उशिरा आली की तिचा जीव टांगणीला लागायचा. पण तिच्या भीतीला इतके नेमके शब्द तिला कधी सुचले नव्हते. आणि म्हणून तर आणखीच जळलं.

"आता?"

"योनाची. मग दाविदची."

त्या दोघांच्याही ओव्या झाल्या. मुक्ता श्वास रोखून उभी राहिली. आता आपली. आता पोरगी म्हणेल, आईची.

सुवार्तानं जरा विचार केला. "आता महिपतीमामाची," ती म्हणाली.

मुक्ता आल्या पावली परतली. चुलीपुढं बसून ती ढसाढसा रडली, आणि धूर गेला म्हणून डोळे पुसत उठली.

दुपारी सुवार्ताची वेणी घालताना तिला राहवलं नाही. "सगळ्यांची ओवी सांगतेस. माझी का नाही गं सांगत?"

पोर सरळ मनाची. म्हणाली, "तूच म्हणालीस ना, आपलं तिकडं सांगायचं नाही. बाबांचं सांगितलं, कारण घाटात भीती असते. बाळं लहान आहेत म्हणून त्यांचं. तुझं नाही सांगितलं. तुला आवडणार नाही म्हणून."

मुक्ताच्या हातातली वेणी सुटली. आपणच दार लावलं होतं आणि आपणच बाहेर उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी तिनं थाळी बडवली नाही. कुणाला गुडघ्यांवर बसवलं नाही. पावणेपाचला चूल पेटवली, फळीवरचं शास्त्र काढून एकच वचन वाचलं, अगदी लहानसं. मग नाचणीचं पीठ मळलं आणि सुवार्ताला हलवून उठवलं. "चल. भाकऱ्या थापायच्यात. पहिली कुणाची?"

पोर झोपेतच म्हणाली, "बाबांची."

मुक्तानं गोळा परातीत घेतला. भाकरी थापता थापता ती शांतवनसाठी मागायला लागली. ओवी तिला येत नव्हती, साध्या बोलण्यातच मागितलं. घाट मागितला, ब्रेक मागितले, त्याच्या पाठीचं दुखणं मागं लावू नको म्हणाली. भाकरी तव्यावर पडली की आमेन. दुसरी सुवार्ताची. तिसरी आणि चौथी लहान, जुळ्यांची. पाचवी नगरला असलेल्या तिच्या स्वतःच्या आईची, ती इथं खायला नव्हती तरी. मिशनच्या अर्ध्या तासात जे जमलं नाही ते एवढ्यात जमलं. चोरीच होती ती, धोंडाबाईच्या जात्यावरनं उचललेली. मुक्ताला ते पक्कं ठाऊक होतं आणि तिला त्याची काही लाज वाटत नव्हती. पोर आपल्या चुलीपाशी बसलीय, हे सुख तिला पुरेसं होतं.

"सहावी तुझी," सुवार्ता म्हणाली. "ही मी सांगते." आणि हात जोडून, डोळे मिटून, "देवा, आईला खूप काम असतं. तिला रडवू नको. आणि तिला थोडं कमी ओरडू दे. आमेन."

मुक्ता हसली. डोळ्यांत पाणी, हात पिठाचे, पुसायचं कशानं? जिंकलं बाई एकदाचं, असं तिला वाटलं.

परातीत एक गोळा उरला होता.

"ही कुणाची?" पोरीनं विचारलं.

मुक्ता उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. पाच कधीच वाजून गेले होते. बाहेर उजाडायला लागलं होतं. आणि भिंतीपलीकडं जात्याचा आवाज नव्हता.

ती कान देऊन बसली. काहीच नाही. म्हातारी आजारी तर नाही? पण मग भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी खाकरलं. म्हातारी जागी होती. जागी होती आणि दळत नव्हती. भिंतीपलीकडच्या माणसाचं हसणं ऐकत नुसतं बसून राहणं कसं असतं, ते मुक्ताला कुणी सांगायला नको होतं. महिनाभर ती तेच करत होती.

"धोंडाआजीची," मुक्ता म्हणाली. तोंडातून शब्द निघायला जरा जडच गेला. गोळा थापला. थापताना काय मागावं ते सुचेना, तेव्हा एवढंच म्हणाली, "देवा, तिला एकटं वाटू देऊ नको." भाकरी फुगली, तशी ती फडक्यात घेऊन दोघी पलीकडे गेल्या.

धोंडाबाई जात्यापाशीच बसली होती. शेजारी तांदळाची टोपली काठोकाठ भरलेली. यांना बघून लगबगीनं म्हणाली, "आज दळायचंच न्हवतं गं. पीठ हाय लय घरात."

थाप होती ती. मुक्तानं टोपलीकडे बघितलं, म्हातारीनं तोंड फिरवलं.

"मावशी, भाकरी खा गरम," मुक्ता म्हणाली. "तुमच्या नावाची आहे." मग तिनं पदर खोचला, त्या दिवशी खोचला होता तसाच, आणि जात्यासमोर बसून खुंटा धरला. "टाका मूठ."

धोंडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग डोळ्यांना पदर लावून तिनं तांदूळ उचलले. "कुनाची?"

सुवार्तानं आधी आईकडं बघितलं, भीत भीत.

"सांगू?"

"सांग."

"आईची!" पोर ओरडली.

म्हातारीनं सूर धरला. सूर असा गोड, की मुक्ताला पुन्हा थोडं जळलं, खोटं कशाला सांगू? पण जळता जळताच ती खुंटा फिरवत राहिली आणि स्वतःचं नाव ऐकत राहिली.