बारा पूर्णांक अडुसष्ट

मीटरवर बारा पूर्णांक अडुसष्ट व्होल्ट आले, तेव्हा वेसेलिनाला वाटलं, सुई नीट टेकली नसावी. तिने ड्रायव्हरच्या पायाजवळचं झाकण आणखी वर उचललं, बॅटरीची टोकं फडक्याने पुसली आणि मीटरच्या दोन्ही सुया पुन्हा टेकवल्या. अडुसष्टच.

मागच्या शनिवारी अडतीस होतं. त्याच्या आधी बेचाळीस, त्याच्या आधी सत्तेचाळीस. वहीत तारीख, वेळ, हवा, आकडा असं सगळं ओळीने होतं. वेळ नेहमी सकाळी सातची, ऊन अंगणात उतरायच्या आधीची. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळत होतं, की मोजायचं तर एकाच वेळी मोजावं. आणि आपोआप भरणारी बॅटरी जगात नसते, हेही कळत होतं.

गाडीत बॅटऱ्या दोन. मागची गाडीतल्या घरासाठी: दिवे, पाण्याचा पंप, छोटा फ्रीज. पुढची एंजिन सुरू करायला. छपरावरच्या सौर पट्टीचं सगळं ऊन मागच्या बॅटरीत जायचं. पुढच्या बॅटरीच्या वाट्याला ऊन नव्हतं. उलट गाडीतलं घड्याळ आणि चोरघंटा तिला थेंबाथेंबाने पीत राहायची. तिचा नवरा एव्स्ताती म्हणायचा, "घर सूर्य चालवतो, गाडी आपण चालवायची." म्हणून हिवाळ्यात दर दुसऱ्या रविवारी तो एंजिन सुरू करून डॅन्यूबच्या बंधाऱ्यापर्यंत चक्कर मारून यायचा. ऑक्टोबरात तो गेला. तेव्हापासून हे चाकांवरचं घर अंगणात एका जागी उभं होतं. वेसेलिनाने ते कधी चालवलं नव्हतं.

तिने किलोमीटरचा आकडा पाहिला. तोच होता. म्हणजे कोणीतरी आत येऊन, गाडी न हलवता, बराच वेळ एंजिन चालू ठेवलं होतं. सोमवार ते बुधवार ती प्लेवेनला बहिणीकडे होती. आणि दुसरी चावी एव्स्तातीचा चुलतभाऊ मिल्को याच्याकडे होती. कुंपणापलीकडेच राहायचा.

दुकानात पाव घेताना दुकानवाल्या स्तोयनाने स्वतःहूनच विषय काढला.

"गाडी विकताय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"कुणी कशाला म्हणायला पाहिजे? बुधवारी मिल्कोकडे एक माणूस आला होता, रूसे शहरातला. दोघं तुमच्या कुंपणाशी उभे होते. बोटं दाखवत होते." स्तोयनाने पाव कागदात गुंडाळला. "मला काय करायचंय. पण घरात बाईमाणूस एकटं असलं, की नातेवाइकांना फार माया येते, एवढं खरं."

 वेसेलिना पाव काखेत धरून घरी आली. फाटकावर एव्स्तातीच्या मृत्यूचं पत्रक अजून होतं. फोटोतला चेहरा उन्हाने फिका पडत चालला होता.

गाडी विकायची की नाही, हे तिने त्याला विचारलं होतं. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, त्याच्या घशात नळी असताना. "गाडी ठेवू का रे?" त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान वरून खाली, खालून वर, अशी दोनदा हलवली.

गावातल्या कोणत्याही माणसाने तशी मान हलवली असती, तर तिला शंका राहिली नसती. इथे खालीवर म्हणजे नाही, आणि आडवी म्हणजे हो. पण एव्स्तातीने एकोणीस वर्षं जर्मनीत लिफ्ट बसवल्या होत्या. तिथून तो ही गाडी घेऊन आला आणि तिथली मानही घेऊन आला. कधी जर्मन हलायची, कधी आपली. सगळं गाव त्याची चेष्टा करायचं, स्तोयना तर त्याला साखर देण्याआधी म्हणायची, "तोंडाने सांग बाबा, मान नको." चार महिने वेसेलिना त्या दोन झटक्यांचा अर्थ लावत होती. अर्थ लागेपर्यंत गाडी मरू द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. ती दर शनिवारी मोजत होती, आणि आकडा उतरताना बघत होती.

मिल्को द्राक्षवेलींची छाटणी करत होता. फेब्रुवारीचा मध्य, त्या दिवसांत सगळ्या गावाच्या हातात कात्री असते, आणि छाटलेल्या वेलीच्या मुळाशी वाइन ओतायची रीत असते. त्याच्या कमरेला नेहमीसारखी वेल बांधायच्या सुतळीची गुंडी लटकत होती. कुंपण असो, नळ असो, चष्म्याची काडी असो, मिल्को सगळं त्या सुतळीनेच बांधायचा.

"या वहिनी. वाइन घेणार? वेलीला पाजली, आता माझी पाळी आहे."

"आमच्या गाडीत शिरला होतास?"

त्याची कात्री थांबली. मान आडवी हलली. हो.

"एंजिन चालू केलंस?"

मान खालीवर झाली. "एंजिन कशाला चालू करू? हे बघा, मी सांगतो तुम्हाला, एव्स्ताती म्हणाला होता की गाडीकडे..."

"गाडीकडे बघ. ऐकलंय मी ते. मयताच्या दिवसापासून ऐकतेय. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं, नाही का?"

"वहिनी, ऐकून तर घ्या."

"रूसेच्या माणसालाही हेच ऐकवलंस? चावी दे."

 मिल्को घरात गेला, चावी घेऊन आला आणि तिच्या हातात न देता कुंपणाच्या खांबावर ठेवली. परत जाऊन छाटणीला लागला. वेसेलिनाने ती उचलली. तिला वाटलं होतं, बरं वाटेल.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला मीटरवर एकाहत्तर होतं.

म्हणजे त्याने आणखी एक चावी करून ठेवली होती. आता वेसेलिनाने प्रयोगशाळेत करायची तसंच केलं. दाराच्या फटीवर पांढरा दोरा चिकटवला, पायरीवर पिठाची चिमूट भुरभुरली. रविवारी सकाळी दोरा शाबूत होता, पिठावर फक्त एका मांजराच्या पायाचा ठसा. तरी तिचं समाधान होईना. थर्मासमध्ये चहा भरून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन ती स्वतःच गाडीत जाऊन बसली. येऊ दे त्याला.

कोणीच आलं नाही. अकरा वाजता ऊन छपरावर आलं. बारा वाजता, निव्वळ बसून कंटाळा आला म्हणून, तिने मीटर लावलं.

तेरा पूर्णांक चाळीस.

एंजिन थंड होतं. गाडीत ती एकटी होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत बॅटरी भरत होती.

ती उठून बाहेर आली आणि घोंगडी छपरावरच्या पट्टीवर फेकली. आत येऊन पाहिलं: आकडा हळूहळू उतरू लागला होता. घोंगडी ओढून काढली, आकडा पुन्हा चढला. मग तिने सीटखालचा गालिचा उचलला. सौर पट्टीच्या डब्यातून एक नवी, बारीक लाल तार निघाली होती. मध्ये काडेपेटीएवढी एक डबी, जवळ एक फ्यूज, आणि तार थेट पुढच्या बॅटरीपर्यंत. जागोजागी नीट बांधलेली. वेल बांधायच्या सुतळीने.

वही उघडून तिने हवेचा रकाना वाचला. आकडा उतरला ते सगळे आठवडे धुक्याचे, पण तेव्हा तार नव्हती, तो उन्हातही उतरलाच असता. चढला ते दोन्ही आठवडे उन्हाचे. सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ऊन अंगणात उतरायच्या आधी मोजायचा नियमही तिचाच.

मिल्को छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधत होता. तिला पाहून त्याने मान वर केली नाही.

"तार तू टाकलीस."

"एव्स्तातीने सप्टेंबरात डबी आणून दिली होती. म्हणाला, माझ्याच्याने आता वाकवत नाही, तू बसव. वेसेलिना काही गाडी सुरू करायची नाही, आणि कुणाला करूही द्यायची नाही." त्याने गाठ आवळली. "तुमच्यासमोर गाडीचं नाव काढलं, की तुम्ही तोंड फिरवायचात. तुम्ही प्लेवेनला गेलात, तेव्हा म्हटलं, बसवून टाकू, मग सांगू."

"आणि रूसेचा माणूस?"

"माझा ट्रॅक्टर बघायला आला होता. तुमची गाडी बघून म्हणाला, ही कुणाची. म्हटलं, विकायची नाहीये."

"तुला काय माहीत विकायची नाहीये?"

"नाहीच माहीत. पण मला कुणी विकायची आहे असंही सांगितलं नव्हतं."

ज्याला गाडी ठेवायची असते, तो बॅटरी जपतो. ज्याला विकायची असते, तोही जपतो. त्या बारीक तारेने काहीच सिद्ध होत नव्हतं, हे वेसेलिनाला समजत होतं. हॉस्पिटलातले ते दोन झटके होते तिथेच होते. आता त्यांचा अर्थ तिलाच ठरवावा लागणार होता.

तिने खिशातून चावी काढली आणि खांबावर ठेवली.

"पुढच्या रविवारी बंधाऱ्यापर्यंत मी चालवेन म्हणते. तू शेजारी बसलास तर."

मिल्कोने पुढची मोळी बांधायला घेतली.

"राग आलाय तुला?" तिने विचारलं.

मिल्को आयुष्यात कधी रूसेच्या पलीकडे गेला नव्हता. त्याची मान आडवी हलली, सावकाश, एकदाच. त्यात शंकेला जागा नव्हती.

मग त्याने चावी उचलली, गुंडीची थोडी सुतळी तोडली, चावीच्या भोकात ओवली आणि गाठ मारू लागला.