शिल्लक राहिलेलं पीठ

घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणतो आणि शेजाऱ्याच्या चुलीत डोकावून बघतो. ही गोष्ट अशाच एका चुलीची आहे. चूल गॅसची होती, एवढाच काय तो फरक.

साथ आली आणि माणसं घरात बसली. कारखाने, कॉलेजं, हॉटेलं, सगळं बंद झालं. या घरात माणसं चार. घरधनी एका मोठ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. खिळ्यापासून रंगाच्या पिंपापर्यंत सगळा माल त्याच्या ताब्यात असे, आणि चिठ्ठी दाखवल्याशिवाय तो मालकालाही खिळा देत नसे. घरात त्याची बायको होती, कॉलेजात जाणारी लेक होती आणि आत्या होती. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावात एकटी राहायची. साथीच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा तो स्वतः जाऊन तिला घेऊन आला होता. "या वयात एकटी राहू नकोस, चल माझ्याकडे," असं म्हणाला होता आणि अगदी मनापासून म्हणाला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

पहिला महिना संपला आणि किराणा दुकानाचं बिल आलं. ते पाहून त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. नेहमीच्या दीडपट!

"अगं, हे काय आहे? आपण किराणा घेतोय की दुकानच विकत घेतोय?"

"सगळे घरी आहेत ना," बायको भांडी विसळता विसळता म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण? आपण तिघं तर आधीपासून आहोतच. आता एक माणूस वाढलं की खर्च वाढणारच म्हणा."

तो काही रागाने बोलला नव्हता. कोठारात एखादं खोकं वाढलं की जागा लागणार, असं म्हणावं तितक्या सहजपणे बोलला होता. पण आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत्या तिथे कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने हातातली घडी पुरी केली आणि दुसरा कपडा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून स्टोअरकीपरने घराचा कारभार हाती घेतला. किराण्याच्या कपाटाला कुलूप लागलं. रोज सकाळी तो तराजू घेऊन कपाटापुढे बसायचा आणि पीठ, तांदूळ, साखर, चहापूड दिवसापुरती मोजून द्यायचा. दुपारी लेक बिस्किटं मागायला आली, तर म्हणाला, "मागणी सकाळी नोंदवायची असते."

"बाबा, भूक काय आदल्या दिवशी कळवून येते का?"

"नियम म्हणजे नियम."

नियम सगळ्यांना सारखा होता, फक्त नियम करणाऱ्याला सोडून. अकरा वाजता फोनवर कारखान्याची बैठक असायची, तेव्हा त्याला चहा लागायचा. बैठक लांबली की दुसरा. साडेतीनच्या सुमाराला, "डोकं चालत नाही गं, काहीतरी तोंडात टाकायला दे," असा पुकारा व्हायचा. हे सगळं तो "कामकाज" या सदरात टाकत असे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा उद्योग माणूस किती निरागसपणे करतो!

या काळात आत्याचं जेवण कमी झालं. आधी तिने संध्याकाळचा चहा सोडला. मग दुसरी पोळी आणि दुसऱ्यांदा भात नको म्हणायला लागली. मग ताटातलंच अर्धं परत ठेवायला लागली. "बसून बसून भूक कुठली लागणार?" असं ती हसून म्हणायची. बायकोने दोन-चारदा आग्रह केला, ओव्याचं पाणी करून दिलं. वय झालंय, पचत नसेल, असं तिला वाटलं. मग ती पोळ्याही कमी करायला लागली आणि उरलेलं पीठ रोज कपाटातल्या डब्यात परत जायला लागलं. घरात चौघंजण एका टेबलाशी जेवत होती आणि त्यांतलं एक माणूस रोज अर्धपोटी उठत होतं, हे तिघांनाही दिसलं नाही.

महिनाअखेरीला स्टोअरकीपरने कपाटातला माल मोजायला काढला. पिठाचा डबा तराजूवर ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला.

"इकडे या सगळे! पाहिलंत? सगळ्यांना पुरवून एवढं पीठ शिल्लक! याला म्हणतात व्यवस्था. उगाच नाही कारखान्याने माझ्यावर विश्वास टाकला."

आत्या दारात येऊन उभी राहिली. तिने डब्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "परवापासून परगावच्या गाड्या सोडणार आहेत म्हणे. मला माझ्या घरी पोचव."

"काय बोलतेस आत्या? साथ अजून ओसरली नाही. तिथे तुझं कोण आहे?"

"माझी मी आहे की. इथे उगाच तुमच्यावर भार." एवढं बोलून ती आत गेली. थोड्या वेळाने कॉटखालची बॅग ओढल्याचा आवाज आला.

"हिला झालं तरी काय?" स्टोअरकीपर डबा हातात धरून विचारत होता.

बायकोने त्याच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"एक सांगा. तुमच्या स्टोअरमध्ये मोजणीला माल जास्त निघाला, तर तुम्ही असेच नाचता का?"

"जास्त निघाला तर? छे! कमी निघण्यापेक्षा ते वाईट. कमी निघाला तर फार तर कुणीतरी पळवला असेल. जास्त निघाला म्हणजे ज्याला जेवढा द्यायचा तेवढा..."

तो थांबला.

"बोला ना, पुढे बोला."

"...तेवढा त्याला पोचला नाही," तो पुटपुटला.

"मग हे पीठ कुणाला पोचलं नाही? तुम्ही पोटभर जेवता. मी जेवते, पोर जेवते. राहिलं कोण?"

स्टोअरकीपरने आतल्या खोलीकडे पाहिलं. अरेरे! इतक्या वर्षांत ज्याच्या स्टोअरमधून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, त्याच्या घरात माणूस उपाशी राहिलं होतं!

"पण खर्च तर वाढलाच होता ना?" तो कसाबसा म्हणाला.

"वाढला, पण तो त्यांच्यामुळे वाढला असं कुणी सांगितलं? दुपारी तुम्ही कुठे जेवायचात?"

"कॅन्टीनला."

"चहा, नाश्ता?"

"तिथेच."

"पोरगी कॉलेजबाहेर खायची. रविवारी आपण हॉटेलात जायचो. ते सगळं बंद झालं, पण भूक बंद झाली का? ती या स्वयंपाकघरात आली. तुम्ही एका गोदामातला माल दुसऱ्यात हलवला तर तो खर्च झाला म्हणता का?"

"नाही म्हणत."

"मग! किराण्याचं वाढलं, पण कॅन्टीनचं, हॉटेलचं, गाडीच्या पेट्रोलचं वाचलं ते कुणी मोजलं? तुम्ही फक्त आपल्या दारातून आत आलेलं मोजलंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वर चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत."

"म्हणजे चोर मी?"

"चोर कुणीच नाही हो. भूक लागणं म्हणजे चोरी आहे का? पण तुम्ही एक वाक्य बोलून गेलात आणि त्यांनी ते महिनाभर पोटावर झेललं. माझंही चुकलंच. पचत नसेल म्हणून मी ओव्याचं पाणी देत बसले."

स्टोअरकीपर उठला. कोठारात मालाचा घोळ झाला तर काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. इथे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. आतल्या खोलीत आत्या बॅगेत चादर भरत होती.

"आत्या, माझं चुकलं. मी मूर्खासारखं बोललो. खर्च तुझ्यामुळे वाढला नव्हता."

"ते मला माहीत आहे रे. एक म्हातारी असं किती खाणार?" ती चादर सारखी करत राहिली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? आपल्या घासाचा हिशेब आपणच द्यायचा का? बोलावून आणलेल्या माणसाने?"

तो खाली मान घालून उभा राहिला. 

"तुला खरंच भूक लागत नव्हती का?" त्याने विचारलं.

आत्याचे हात थांबले. इतके दिवस हसून वेळ मारून नेणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोज लागत होती रे," ती म्हणाली.

स्टोअरकीपर रडला. त्याने कपाटाची किल्ली बायकोच्या हाती दिली, तराजू माळ्यावर टाकला, पण त्याने काही लगेच सगळं निवळलं नाही. आत्याने बॅग रिकामी केली ती चार दिवसांनी, आणि तीही लेक हट्टाला पेटली म्हणून.

तर मंडळी, यातून घ्यायचं ते एवढंच. माणसं घरी बसली की किराणा वाढतो, तो वाढणारच. तेव्हा घरात कोण जास्त खायला लागलं हे शोधत बसू नये. आपण बाहेर कुठे कुठे खायचं थांबवलं ते आधी आठवावं. पैशाचा हिशेब जरूर ठेवावा, पण घरातल्या माणसाला आपला घास मोजला जातोय असं वाटू देऊ नये. ज्याच्याजवळ कमाई नाही आणि हक्काने बोलायला तोंड नाही, ते माणूस भांडत नाही. ते नुसतं जेवण कमी करतं, आणि आपण त्याला बचत समजतो.

आत्याने बॅग रिकामी केली त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. आत्याने ताटातलं सगळं संपवलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "भात आहे का गं अजून?"

बायको उठायच्या आत स्टोअरकीपर उठला. त्याने पातेलं आणलं आणि वाढायला लागला. आत्याने पुरे म्हणेपर्यंत तो वाढत राहिला, आणि आत्याने पुरे म्हणायची मुळीच घाई केली नाही.