मी सिपोराबाईंना पाहिलं होतं

मित्रांनो, सांगलीतल्या एका शूटिंगवाल्याच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमांखाली दबलेला एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. तो मी. माझ्या माइकचं झाकण हरवलंय आणि पट्टा उंदरांनी कुरतडलाय. डोळा मात्र अजून शाबूत आहे. आता मला कुणी उचलत नाही. सगळं मोबाइलवरच होतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि तीच आज सांगायची आहे.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. अमृतने मला विकत घेतलं तेव्हा तो पंचविशीचा होता. तो मूळचा आटपाडीकडचा. त्याच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागे गेला, त्याचा नवरा-नवरीमागे जाणार होता. त्याच्या आईने, बयाबाईंनी, माझी पूजा केली आणि थेट भिंगालाच कुंकू लावलं. ते पुसताना अमृतच्या नाकी नऊ आले.

मग कामाची वर्षं आली. लग्नं, बारशी, शिराळ्याची नागपंचमीची मिरवणूक, हळदीच्या व्यापाऱ्यांचे दिवाळीचे शुभेच्छा व्हिडिओ. "अमृतचाच कॅमेरा आणा," असं लोक म्हणायचे आणि मी मनात फुगायचो. अमृतची एक खोड होती. चित्रण झालं की तो लॅपटॉपवर तयार मसाला टाकायचा. नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या, व्यापाऱ्यांवर सोन्याच्या नाण्यांचा पाऊस, नागपंचमीला अंगावर काटा आणणारं गूढ संगीत. भाजी कुठलीही असो, फोडणी ठरलेली. लोकांना ते आवडायचं, म्हणून मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

साताऱ्यातल्या एका लग्नात आम्हाला सिपोराबाई भेटल्या. निवृत्त नर्स, वय ऐंशीच्या घरात. नवरीचा जन्म त्यांच्याच हातचा, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्या ज्यू आहेत असं कुणीतरी सांगताच अमृतचे डोळे चमकले. माहितीपट काढायचं वेड त्याला कधीपासून होतं. तो थेट त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्या लोकांवर फिलम काढू का? लय नाव हाय तुमच्या लोकांचं."

"माझ्यावर काय काढणार, बाळा? पण ये. कुणी विचारलंच नाही आजवर."

आम्ही तीन दिवस त्यांच्या दोन खोल्यांत होतो. देवाचे आभार मानायला त्यांच्याकडे मांडतात ते मलिद्याचं ताट त्यांनी मांडलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, तेव्हा अमृत सवयीने म्हणाला, "बाई, परत एकदा लावा, नीट आलं न्हाई." त्या हसून म्हणाल्या, "हे काय लग्नातले हार आहेत का रे, परत घालायला? आणि आता तुझा कॅमेराही बंद कर. आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार, सुरू झाला."

त्या तीन दिवसांत त्या पुष्कळ बोलल्या. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. वडील फौजेत सुभेदार होते. दवाखान्यात रात्रपाळ्या करून बाईंनी तीन भावंडं शिकवली. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी तिरकी बसवलेली होती. तिला त्या मझुझा म्हणत. "आत देवाची वचनं आहेत. येता-जाता हात लावायचा, म्हणजे तो आठवतो," असं त्यांनी सांगितलं. मी सगळं मन लावून टिपलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम मी तेव्हा केलं.

पण लॅपटॉपवर चित्रणाची काटछाट आणि जोडणी करताना अमृतला घाणा कंटाळवाणा वाटला. सुभेदार गेले, रात्रपाळ्या गेल्या. मझुझावर त्याने नागपंचमीचं संगीत टाकलं आणि 'काय आहे या नळीचं रहस्य?' अशी अक्षरं फिरवली. बाईंचा हसरा चेहरा ठेवला आणि त्यावर नाण्यांचा पाऊस पाडला. मागून त्याचाच आवाज, "जगाच्या तिजोरीची किल्ली ज्यांच्या कमरेला, असे हे हुशार ज्यू!" त्याला हे मनापासून कौतुकच वाटत होतं. हेच मला अजून सलतं.

सांगलीत एका वाचनालयाच्या सभागृहात खेळ झाला. मी मागे तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा राहून प्रेक्षक टिपत होतो. सिपोराबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून, शेजारच्या राजाराम मास्तरांबरोबर एसटीने आल्या होत्या. नाण्यांचा पाऊस सुरू झाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. बाईंनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, त्यांना हसू आलं.

दिवे लागल्यावर हळदीचे व्यापारी धनाजीराव उठले. "लय भारी! आपल्या पोरांनी शिकावं असल्या लोकांकडनं."

राजाराम मास्तर जागेवरूनच बोलले, "आवं, हे कौतुक न्हवं. बाईंना पेन्शनीत औषध परवडत न्हाई, आन् तुमी त्यांच्या डोक्यावर नाणी ओतताय. हे द्वेषाचंच बी हाय."

"मास्तर, शिवी दिलीय का कुणी? चांगलंच म्हटलंय की!"

"आमी बौद्ध. आमालाबी लोक कौतुकानंच म्हणत्यात, 'तुमी त्यातले वाटत न्हाई.' ते कौतुक घरी नेऊन काय करायचं, सांगा की."

मग जो-तो बोलू लागला. कुणी दूरदेशीच्या लढाईचं नाव घेऊन फिल्मची बाजू घेतली, कुणी त्याच लढाईचं नाव घेऊन बाईंच्या लोकांना शिव्या दिल्या. त्या लढाईशी साताऱ्याच्या नर्सचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. त्या गलक्यात बाई उठल्या आणि बाहेर गेल्या.

नंतर अमृतने फिल्म इंटरनेटवर टाकली आणि मोबाइलवरही तशीच फूट पडली. बाईंच्या समाजातल्या एकीने पुण्याहून लिहिलं, हा माहितीपट यहुदीद्वेष पसरवतो. धनाजीरावांच्या गटाने तिलाच झोडपलं. अमृत चिडला. "मी स्तुती केली आन् मलाच शिव्या?" पण साताऱ्यात पोरंटोरं बाईंच्या दाराशी येऊन "नळीत काय हाय, दाखवा की" म्हणू लागली. बाईंनी मझुझा काढून आतल्या खोलीच्या दाराला लावली. मास्तरांनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा अमृतचं चिडणं थांबलं.

त्याने इंटरनेटवरून फिल्म काढून टाकली. बाईंचं खरं बोलणं घालून ती नव्याने जोडायची, असं त्याने ठरवलं आणि मूळ चित्रण साठवलेलं माझं कार्ड शोधलं. कार्डावर इस्लामपूरचं एक लग्न होतं. शूटिंगवाले काम दिलं की कार्ड पुसतात आणि पुढच्या लग्नाला वापरतात. त्यानेही तेच केलं होतं. लॅपटॉपवरही कापलेलं काही उरलं नव्हतं.

आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. अमृत बाईंच्या पायाशी बसला.

"चुकलं बाई. परत एकदा सांगा, सगळं घेतो. एक अक्षर कापत न्हाई."

बाईंनी त्याला चहा दिला. "अमृत, तू वाईट मुलगा नाहीस. पण मी तुला तीन दिवस सांगत होते, आणि तू ते आधीच ठरवून आला होतास. आता नाही रे जमणार." मी पिशवीतून बाहेरही आलो नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी बाई गेल्या. गल्लीने शोकसभा ठेवली. बाईंच्या हातून जन्मलेली कितीतरी माणसं येणार होती. मास्तरांनी अमृतला फोन केला.

"बाईंचं हलतं-बोलतं चित्र हाय का रं तुझ्याकडं? दोन मिनटांचं असलं तरी चालंल. लोकांना त्यांचा आवाज ऐकायचाय."

अमृतने सगळी कार्डं लावून पाहिली. वराती, अक्षता, बारशी. बाईंचं हलतं चित्र आमच्याकडे एकच उरलं होतं, ती जुनी फिल्म, आणि तिच्यात आवाज अमृतचा होता. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या हसत होत्या आणि वरून नाणी पडत होती.

"न्हाई मास्तर," तो म्हणाला, "काईच न्हाई." मग त्याने मला या कपाटात ठेवलं आणि दार लावलं.

मित्रांनो, कॅमेरा आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. तुम्ही चांगली मुलं आहात, कुणाला मुद्दाम दुखावणार नाही. अमृतनेही मुद्दाम दुखावलं नव्हतं. म्हणून एवढंच मागतो, कुणाला टिपाल तेव्हा त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका, आणि ते जपून ठेवा. सिपोराबाईंचा आवाज कसा होता, हे मला नीट आठवतं. पण तो तुम्हाला ऐकवायला माझ्याकडे काही नाही.